गाडीचा मेकॅनिक व्हायचंय? दहावीनंतरची पहिली तीन वर्षं अशी लावा

गाडीच्या कामात येणारी मुलं साधारण दोन दारांनी येतात. कुणी आयटीआय करून, तर कुणी दहावी झाली-न झाली की थेट गॅरेजात हेल्पर म्हणून. दोन्हीकडून उत्तम कारागीर तयार झालेले आहेत. खरा फरक चार-पाच वर्षांनी दिसायला लागतो. पार्ट बदलणारे एका बाजूला राहतात, बिघाड शोधणारे दुसऱ्या बाजूला जातात, आणि पगार दुसऱ्यांचा वाढतो. म्हणून प्रवेशाची माहिती इथे थोडक्यात आहे आणि हाताच्या कामाची, मोजमापाची जास्त.

ट्रेड कुठला घ्यायचा

चारचाकीचं काम करायचं असेल तर मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड सरळ निवडा. त्यासाठी दहावीला गणित आणि विज्ञान लागतं. मेकॅनिक डिझेल एका वर्षाचा आहे. ट्रॅक्टर, जेसीबी, जनरेटर, ट्रक यांकडे जायचं असेल तर तो पुरतो, पण कार डीलरच्या वर्कशॉपमध्ये दोन वर्षांच्या ट्रेडला जास्त भाव आहे. प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवरून ऑनलाइन होतो आणि दहावीचा निकाल लागला की अर्ज सुरू होतात.

खासगी आयटीआय घेणार असाल तर फी भरण्याआधी त्यांचं वर्कशॉप स्वतः जाऊन बघा. नुसती कापून रंगवलेली इंजिनं ठेवलेली असतील तर दोन वर्षं फुकट जातील. चालू स्थितीतलं एक तरी बीएस-६ (सध्याच्या प्रदूषण नियमांचं) इंजिन, कॉमन रेल डिझेल (एकाच जास्त दाबाच्या पाइपमधून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारं), गाडी उचलायची लिफ्ट आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर आहे का ते विचारा. मुलांच्या हातात मल्टिमीटर (व्होल्ट, करंट मोजायचा मीटर) देतात की कपाटात कुलूपबंद ठेवतात, हे तिथे शिकणाऱ्या मुलांकडून काढून घ्या. सरांकडून ते कळणार नाही.

दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाट आहे. सुपरवायझर किंवा सर्व्हिस ॲडव्हायझर व्हायचं असेल तर ती उपयोगी पडते. जे आधीच गॅरेजात काम करतायत त्यांना ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिलच्या मूल्यांकनातून, म्हणजे आरपीएलमधून (रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग), अनुभवाचं प्रमाणपत्र मिळवता येतं. ते आयटीआयच्या बरोबरीचं नाही, पण मोठ्या वर्कशॉपमध्ये अर्ज करताना हातात काहीतरी कागद असलेला बरा.

एक गोष्ट मात्र सगळेच विसरतात. अठरा पूर्ण झाली की लगेच चारचाकीचं लायसन काढा. लायसन नसलेल्या मुलाला वर्कशॉपमध्ये टेस्ट ड्राइव्ह मिळत नाही. टेस्ट ड्राइव्ह नाही तर कम्प्लेंट कानाने ऐकायला मिळत नाही, आणि मग तो वॉशिंग आणि ऑईल यांतच अडकून पडतो.

अप्रेंटिसशिप: शब्द नीट वाचा

आयटीआयची परीक्षा पास झाल्यावर अप्रेंटिसशिप करा, आणि ती १९६१ च्या अप्रेंटिसेस ॲक्टखाली नोंदलेलीच करा. बऱ्याच ठिकाणी 'ट्रेनी' म्हणून घेतात. वर्षभर काम तेच, पैसेही कदाचित तेवढेच, पण शेवटी राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळत नाही. रुजू व्हायच्या आधी विचारा: अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर माझा करार नोंदवणार का, आणि करार क्रमांक कधी मिळेल? टाळाटाळ झाली तर समजून जा.

जागा कुठे बघायची? कार-बाइकचे डीलर आहेतच. पुण्याजवळ चाकण, भोसरी, रांजणगाव, छत्रपती संभाजीनगरला वाळूज आणि शेंद्रा, नाशिकला सातपूर-अंबड इथे गाड्या आणि सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत. पण कारखान्यातलं जोडणीचं काम आणि दुरुस्तीचं काम यात फार फरक आहे. लाइनवर वर्षभर एकच नट आवळून दुरुस्ती येत नाही. दुरुस्तीच शिकायची असेल तर एसटीकडे दुर्लक्ष करू नका. महामंडळाचे आगार आणि दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळा अप्रेंटिस घेतात. क्लच, गिअरबॉक्स, एअर ब्रेक, स्प्रिंगचे पाटे ही जड कामं तिथे जेवढी हाताखालून जातात तेवढी कार डीलरकडे जात नाहीत. उलट स्कॅनर आणि नवी इलेक्ट्रॉनिक्स डीलरकडे जास्त. ट्रक-बसकडे जायचं असेल तर एसटी, कारकडे जायचं असेल तर डीलर.

स्वतःची हत्यारं

पहिल्याच महिन्यात मोठी पेटी घेऊ नका. सुरुवातीला एवढं पुरतं: ८ ते १९ मिलिमीटरपर्यंतचे रिंग पाने आणि फिक्स पाने, अर्धा इंची ड्राइव्हचा गोटी (सॉकेट) सेट, ३ ते १० मिलिमीटरच्या एलएन की, चपटे आणि चौफुली स्क्रू ड्रायव्हर, एक पक्कड, एक नोज प्लायर, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्या), डोक्याला लावायचा टॉर्च आणि डिजिटल मल्टिमीटर. १०, १२, १४ आणि १७ हे चार माप रोज लागतात, आणि १० ची गोटी दर दोन महिन्यांनी हरवते. ती सुटी दोन घेऊन ठेवा.

गोटी घेताना सहा कोनांची घ्या. बारा कोनांची गोटी गंजलेल्या नटावर घसरते, कोपरे मारले जातात आणि मग छिन्नी-हातोडी घेऊन अर्धा दिवस जातो. फिक्स पाना नट फिरवायला वापरा, सैल करायला रिंग किंवा गोटी. एवढ्या एका सवयीने निम्मे नट वाचतात.

ठरलेल्या जोराने नट आवळायचा टॉर्क रेंच महाग असतो. वर्कशॉपचा वापरा, पण नीट वापरा. त्याने नट सैल करायचा नाही, आणि काम झाल्यावर स्केल सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग बसते आणि रीडिंग चुकतं.

अंगठी, कडं, हातातलं घड्याळ कामाआधी काढून ठेवा. बॅटरीच्या प्लस टर्मिनलवरचा पाना कड्याला टेकला आणि कडं बॉडीला, तर कडं क्षणात तापून लाल होतं. ब्रेकची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. आणि पेट्रोलने हात धुणं बंद करा, मग वस्ताद कितीही धुवोत.

पहिलं काम: ऑईल बदलणं

हे काम सगळ्यात सोपं समजतात, आणि डीलरकडच्या सगळ्यात महागड्या चुकाही याच कामात होतात. क्रम असा ठेवा.

१. इंजिन तीन-चार मिनिटं चालवा. कोमट ऑईल पूर्ण उतरतं. उकळतं नको, हात भाजतो.

२. गाडी जॅकवर घेतली तर खाली घोडी (जॅक स्टँड) लावल्याशिवाय अंग आत घालायचं नाही. जॅकचं हायड्रॉलिक सील केव्हा दगा देईल सांगता येत नाही. घोडी बॉडीच्या ठरवून दिलेल्या जागेवरच लावा. फ्लोअरच्या पत्र्यावर लावली तर पत्रा आत जातो.

३. आधी वरचं फिलर कॅप उघडा, मग चेंबरचा (इंजिनच्या तळाशी ऑईल साठतं त्या भांड्याचा) ड्रेन नट सैल करा. शेवटचे दोन आटे हाताने, नट आत दाबत फिरवा आणि झटकन बाजूला घ्या.

४. नटाचा वॉशर नवीन घ्या. जुना दबलेला वॉशर ठेवून गळती थांबवायला नट जास्त आवळला जातो, आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. लहान पेट्रोल इंजिनांना हा नट साधारण ३० ते ४० न्यूटन-मीटरने आवळतात. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या.

५. फिल्टर काढल्यावर त्याचा रबरी गॅस्केट फिल्टरसोबतच आला का ते बघा. तो इंजिनाला चिकटून राहिला आणि त्यावर नवा फिल्टर बसवला, तर दोन गॅस्केट एकमेकांवर येतात. दाब आला की एक सरकतो आणि मिनिटभरात सगळं ऑईल रस्त्यावर. इंजिन बसण्याच्या कम्प्लेंटमध्ये हे कारण पुन्हा पुन्हा निघतं.

६. नव्या फिल्टरच्या गॅस्केटला ऑईलचं बोट लावा, हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि मग पाऊण फेरा. पाना लावून आवळू नका.

७. ऑईल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच. नव्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० सारखं पातळ ऑईल लागतं. 'जाड ऑईल इंजिनला चांगलं' हा जुना समज आहे. सव्वा लिटरच्या आसपासच्या पेट्रोल इंजिनात फिल्टरसकट साधारण ३ ते ३.५ लिटर जातं. आधी थोडं कमीच भरा.

८. सुरू करा, ऑईलचा दिवा विझला का बघा, खाली वाकून गळती बघा. बंद करून पाच मिनिटं थांबा आणि सपाट जागेवर डिपस्टिक तपासा. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली तर क्रँकशाफ्ट ऑईलमध्ये घुसळतो आणि फेस होतो, म्हणजे जास्त भरणंही चुकीचंच.

पुढच्या सर्व्हिसचा किलोमीटर स्टिकरवर लिहा. जॉब कार्डवर ऑईलची ग्रेड आणि भरलेले लिटर लिहा. वाद झाला तर हाच कागद कामी येतो.

चाक आणि ब्रेक

चाकाचे नट चांदणीच्या क्रमाने, म्हणजे समोरासमोर, दोन टप्प्यांत आवळा आणि शेवटचा टॉर्क गाडी जमिनीवर उतरवल्यावर द्या. लहान कारला तो साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. न्यूमॅटिक गनने आवळलेले नट कुठे १५०, कुठे ६०, असे असतात. डिस्क वाकडी होऊन ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरण्यामागे बऱ्याचदा गनच असते.

डिस्क ब्रेक पॅड नवे असताना १० ते १२ मिलिमीटर जाड असतात. ३ मिलिमीटरच्या खाली गेले की बदला. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) काढला की तो ब्रेकच्या रबरी होजवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने स्प्रिंगला बांधायचा. पिस्टन मागे ढकलण्याआधी ब्रेक ऑईलची बाटली काठोकाठ भरलेली नाही ना ते बघा, नाहीतर ऑईल सांडून रंग उडतो. कॅलिपर ज्यावर सरकतो त्या स्लायडर पिनला सिलिकॉनचं ग्रीस लावा. साधं पिवळं ग्रीस लावलं तर रबर फुगतं, पिन अडकते आणि दोन महिन्यांत एकाच बाजूचा पॅड घासून गाडी परत येते. आणि सगळं बसवल्यावर, गाडी हलवण्याआधी, ब्रेकचं पायडल कडक होईपर्यंत पंप करा. हे विसरलेला मुलगा गाडी रिव्हर्स घेताना थेट भिंतीवर जातो, कारण पहिला पाय खालीच जातो.

ब्रेक ऑईल दोन वर्षांनी बदलायचं, कारण ते हवेतली ओल शोषतं. डॉट-४ चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश आणि ओल शोषल्यावर १५५ अंश मानलेला आहे. घाटात सतत ब्रेक मारताना ओलं ऑईल उकळलं की पायडल फुग्यासारखं मऊ होतं.

मल्टिमीटर हातात घ्या

इथून पुढचं शिकणं बहुतेक मुलं टाळतात. पुढे पगार मिळतो तो याच कामाचा.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्ट असेल तर ती पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. त्याहून कमी असेल तर आधी अल्टरनेटरचा पट्टा आणि कनेक्शन बघायची, बॅटरी नंतर. सेल्फ मारताना बॅटरीवर ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी संशयित.

आता एक नेहमीची कम्प्लेंट घ्या. सेल्फ मारला की नुसती कट-कट. बॅटरीवर १२.६. बॅटरी नवी टाकली, तरी तेच. अशा वेळी सेल्फ मारत असतानाच मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर आणि लाल इंजिनच्या ब्लॉकवर लावा. ०.२ व्होल्टच्या आत दिसलं तर अर्थिंग (बॅटरीच्या मायनसचं इंजिन-बॉडीशी कनेक्शन) चांगलं. अर्धा, एक, दीड व्होल्ट दिसले तर अर्थची केबल किंवा तिचा बोल्ट गंजला आहे आणि तेवढे व्होल्ट तिथेच खाल्ले जातायत. मग प्लसच्या बाजूने तेच करा: बॅटरीच्या प्लसपासून स्टार्टरच्या मोठ्या टर्मिनलपर्यंत. वायर खोलून ओहम मोजून हे कळत नाही, कारण शेकडो तारांपैकी एकच शिल्लक असली तरी ओहम जवळजवळ शून्यच दाखवतो. करंट वाहत असतानाच बिघाड दिसतो. पावसाळ्यानंतर कोकणातल्या गाड्यांत तर हे फार निघतं.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर गाडी लॉक करून वीस-तीस मिनिटं थांबा, मॉड्युल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) झोपू द्या, आणि मग मायनसच्या वायरीत मीटर सिरीजमध्ये जोडून करंट बघा. साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजने आकडा पडतो, त्याच सर्किटमध्ये चोर आहे. बहुधा नंतर बसवलेली म्युझिक सिस्टिम, रिव्हर्स कॅमेरा किंवा जीपीएस निघतो.

स्कॅनर उत्तर देत नाही

स्कॅनर जोडायचं ओबीडीचं १६ पिनांचं सॉकेट ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डखाली असतं. स्कॅनर लावला, कोड आला, कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव तो सेन्सर बदलला, असं करणारे पुष्कळ. पी०१७१ घ्या. याचा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. लोक ऑक्सिजन सेन्सर बदलतात, आणि तो तर बिचारा खरं सांगत असतो.

लाइव्ह डेटामध्ये फ्युएल ट्रिम उघडा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा. अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आसपास ठीक. आयडलला अधिक २० आणि २५०० आरपीएमला अधिक ३ असेल, तर थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी हवा चोरून येते आहे: फाटलेला व्हॅक्युम पाइप, इनटेकचा गॅस्केट, पीसीव्हीची (चेंबरमधली वाफ इनटेकमध्ये नेणारी) नळी. उलट आयडलला ठीक आणि लोडवर ट्रिम वाढत जात असेल, तर पेट्रोलच कमी मिळतंय: फिल्टर, पंप, इंजेक्टर. हा हिशेब हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या गाड्यांचा. आपल्याकडच्या बऱ्याच लहान पेट्रोल गाड्यांत इनटेकमधला दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो. तिथे हवेची गळती असली तर ट्रिमपेक्षा आयडल आरपीएमच वाढलेला दिसतो.

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा (बिघाडाच्या क्षणी साठवलेल्या आकड्यांचा) फोटो काढा. किती स्पीडला, किती टेंपरेचरला बिघाड आला ते त्यात असतं, आणि पुसला की गेलं.

डिझेल, सीएनजी, इलेक्ट्रिक: घाई करू नका

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर डिझेल गाड्यांत डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) आला. फक्त गावात दोन-चार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत काजळी जळण्याइतका एक्झॉस्ट तापत नाही, रिजनरेशन (साठलेली काजळी जाळणं) अर्धवट राहतं, आणि त्यासाठी जादा मारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढलेली दिसली तर 'वा, ऑईल खात नाही' म्हणून खूश होऊ नका. कॉमन रेलमध्ये दाब १६०० बारच्या वर जातो. इंजिन चालू असताना इंजेक्टरचा पाइप सैल करून मिसिंग (नीट न पेटणारा सिलिंडर) शोधायची जुनी पद्धत इथे बोट कापू शकते.

सीएनजीच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाब असतो. गळती साबणाच्या पाण्याने शोधा, आणि हाय प्रेशर पाइपचं काम प्रशिक्षण घेतल्याशिवाय करू नका. सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झाली आहे का, ते प्लेटवर बघायची सवय लावा.

इलेक्ट्रिक गाडीतली केशरी वायर म्हणजे हाय व्होल्टेज, कारमध्ये बहुधा ३०० व्होल्टच्या पुढे. हाय व्होल्टेज तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. मॅन्युअलमधली मिनिटं थांबून, १००० व्होल्टचे हातमोजे घालून, मीटरने शून्य खात्री करूनच हात घालायचा. एकट्याने कधीच नाही.

नोकरी बदलताना काय विचारायचं

हातात किती, हा प्रश्न शेवटी. आधी हे विचारा: पीएफ आणि ईएसआय कापतात का, इन्सेंटिव्ह गाड्यांवर आहे की लेबरच्या रकमेवर, कंपनीच्या ट्रेनिंगला वर्षातून किती दिवस पाठवतात, आणि काम बिघडून गाडी परत आली तर पैसे कोण भरतं. गाड्यांच्या संख्येवर इन्सेंटिव्ह असेल तिथे घाईची सवय लागते. शिकायच्या वर्षांत तसली जागा टाळलेली बरी.

सर्व्हिस मॅन्युअल आणि वायरिंग डायग्राम इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातल्या मुलांनी त्याला घाबरायचं कारण नाही, पुन्हा पुन्हा येणारे शे-दोनशे शब्दच असतात. खिशातल्या वहीत ते लिहा, आणि त्याच वहीत प्रत्येक गाडीचं मॉडेल, कम्प्लेंट, मोजलेले आकडे आणि शेवटी सापडलेलं कारण टाका.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी शाखा निवडा: ऑटो इलेक्ट्रिकल, एसी, डिझेल इंजेक्शन किंवा इलेक्ट्रिक वाहनं. तालुक्याच्या गावी स्वतःचं गॅरेज काढायचं असेल तर ऑटो इलेक्ट्रिकल घ्या. भांडवल कमी लागतं, आणि 'बाकी सगळं केलं, पण गाडी चालू होत नाही' म्हणत इतर गॅरेजवालेच गाड्या आणून लावतात. तिथेही जुनं ऑईल ड्रममध्ये साठवून अधिकृत रिसायकलरलाच द्या. गटारात ओतलं तर शेजारच्या विहिरीची तक्रार आधी तुमच्याच दारात येते.